आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रातून आलेला ससा : बीट्रिक्स पॉटर यांची गोष्ट

४ सप्टेंबर १८९३. स्कॉटलंडमध्ये मुक्कामाला असलेल्या २७ वर्षांच्या बीट्रिक्स पॉटर यांनी पाच वर्षांच्या नोएल मूरला पत्र लिहिलं. नोएल आजारी होता. त्याला काय लिहावं सुचेना, म्हणून त्यांनी चार सशांची गोष्ट लिहिली आणि मधेमधे चित्रं काढली. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ एरिकला एका बेडकाची गोष्ट गेली.

हा ससा कल्पनेतला नव्हता. १८६६ मध्ये लंडनच्या श्रीमंत घरात जन्मलेल्या बीट्रिक्स कधी शाळेत गेल्या नाहीत. त्या आणि त्यांचा भाऊ घरात ससे, उंदीर, बेडूक पाळत आणि त्यांची चित्रं काढत. पीटर हा त्यांनी पाळलेला खराखुरा ससा.

नोएलची आई ॲनी एकेकाळी बीट्रिक्स यांना घरी शिकवायची. या पत्रांची पुस्तकं होतील, हे तिनेच सुचवलं. नोएलने पत्र जपून ठेवलं होतं. बीट्रिक्स यांनी ते त्याच्याकडून परत मागून घेतलं, गोष्ट वाढवली, नवी चित्रं काढली.

पण प्रकाशक नकार देत गेले. बीट्रिक्सही हट्टाला पेटल्या होत्या. पुस्तक लहान मुलांच्या हातात मावेल एवढंच हवं आणि परवडणारं हवं! शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी पदरच्या पैशांनी २५० प्रती छापल्या. मग फ्रेडरिक वॉर्न कंपनी तयार झाली, पण चित्रं रंगीत हवीत या अटीवर. ऑक्टोबर १९०२ मध्ये 'द टेल ऑफ पीटर रॅबिट' आलं. पहिल्या ८,००० प्रती प्रकाशनाआधीच संपल्या होत्या.

यातले ससे कोट घालतात, पण जगतात सशांसारखेच. पीटरच्या बाबांना माळ्याच्या बायकोने खाद्यपदार्थात घातलं, हे पहिल्याच पानांवर कळतं. मुलांपासून भीती लपवायची नाही, ही बीट्रिक्स यांची रीत होती.

१९०५ मध्ये त्यांचे संपादक नॉर्मन वॉर्न यांनी लग्नाची मागणी घातली. व्यापारी घरातला जावई आईवडिलांना मान्य नव्हता, तरी बीट्रिक्स यांनी होकार दिला. महिनाभरात नॉर्मन वारले. त्याच वर्षी त्यांनी लेक डिस्ट्रिक्टमध्ये हिल टॉप हे शेत घेतलं. पुढे पुस्तकांच्या कमाईतून जमिनी घेत गेल्या, मेंढ्या पाळल्या.

१९४३ मध्ये त्या गेल्या, तेव्हा ४,००० एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन गेल्या. तिथले डोंगर आणि शेतं आजही जपली जातात. या सगळ्याच्या मुळाशी एका आजारी मुलाचं मन रमवणारं पत्र होतं.