पायवाटेवरचे पक्षिमित्र : डॉ. सलीम अली

सोलापूरहून बार्शीच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात नान्नजचा माळ लागतो. येथे उंच डोंगर नाहीत, दाट जंगलही नाही. दूरवर पसरलेले गवत, अधूनमधून बोरी-बाभळी आणि वर मोकळे आकाश. हा माळ माळढोक नावाच्या पक्ष्यामुळे देशभर प्रसिद्ध झाला. माळढोकाची काळजी वाहणारे एक थोर भारतीय होते. त्यांनी आपले सारे आयुष्य पायवाटा तुडवण्यात घालवले. त्यांचे नाव डॉ. सलीम अली.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन वारले. तीन वर्षांचे झाले तेव्हा आई झीनतुन्निसा यांचेही छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढवले.

लहानग्या सलीमला शिकारीचा नाद होता. त्याच्याकडे एक छऱ्यांची छोटी बंदूक होती. एके दिवशी त्याने एक चिमणी मारली. हातात घेऊन पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! अशी चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. ती कोणत्या जातीची, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी त्या मुलाला हसून परत पाठवले नाही. त्यांनी चिमणीची जात सांगितली. मग कपाटाचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखवले. सलीम चकित होऊन पाहत राहिला. त्या दिवसापासून त्याला पक्ष्यांचे वेड लागले.

शाळेत मात्र सलीमची प्रगती बेताची होती. डोकेदुखीच्या त्रासाने अभ्यासात खंड पडे. १९१३ साली तो मॅट्रिकची परीक्षा कशीबशी उत्तीर्ण झाला. पुढे कुटुंबाचा व्यवसाय सांभाळण्यासाठी तो ब्रह्मदेशात गेला. तेथे खाणीचे आणि इमारती लाकडाचे काम होते. पण भोवती घनदाट अरण्य होते. सलीमचे पाय कचेरीपेक्षा रानाकडेच अधिक वळत. १९१७ साली ते मुंबईला परत आले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १९१८ साली तहमीना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

सलीम अलींना पक्ष्यांविषयीच काम करायचे होते; पण विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणी सर्वेक्षण खात्यात त्यांना जागा मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. दोन वर्षांनी ते रजा घेऊन जर्मनीला गेले आणि बर्लिन येथे प्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येऊन पाहतात, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती!

दुसरा कोणी खचून गेला असता. सलीम अली मात्र पत्नीसह मुंबईजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते तासन्‌तास घरट्यांचे निरीक्षण करीत. नर सुगरण घरटे अर्धेच विणतो. मादी येऊन ते पाहते. पसंत पडले तरच नर ते पुरे करतो आणि मग दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी बारकाईने नोंदवले. बेकारीच्या दिवसांत केलेल्या या अभ्यासाने त्यांचे नाव जगभरच्या शास्त्रज्ञांना माहीत झाले.

त्यानंतर त्यांनी एक धाडसी योजना मांडली. संस्थानांनी केवळ प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्यावा, आपण पगार न घेता तेथील पक्ष्यांची पाहणी करू. १९३१ साली हैदराबाद संस्थानातून या कामाला सुरुवात झाली. त्या काळी सोलापूरशेजारचे नळदुर्ग आणि तुळजापूर हे भागही हैदराबाद संस्थानातच होते. पुढे त्यांनी आणखी कित्येक संस्थाने पालथी घातली. तहमीना बेगम या प्रवासात त्यांच्या सोबत असत. सुखवस्तू घरात वाढलेल्या या बाईंनी तंबूतला संसार आनंदाने केला.

१९३४ साली दोघे हिमालयाच्या पायथ्याशी देहरादूनला राहायला गेले. देहरादूनच्या वर मसुरीचे डोंगर आहेत. ते बऱ्याच ठिकाणी चुनखडीच्या दगडाचे आहेत. पावसाचे पाणी हा दगड हळूहळू विरघळवते. त्यामुळे तेथे गुहा आणि खोल घळी तयार झाल्या आहेत. देहरादूनजवळच्या सहस्रधारा येथे चुनखडीच्या कड्यांतून पाणी सतत ठिबकत असते. डोंगरावर ओकची वने आहेत. ओकच्या एका जातीला तेथील लोक बांज म्हणतात. बांजचे पान वरून हिरवे आणि खालून पांढरट असते. या वनात गळलेल्या पानांचा जाड थर साचतो. तो पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि त्यावर डोंगरातले झरे जगतात. या वनांतून चढणाऱ्या पायवाटांवर माणसाने हळू चालावे, कान उघडे ठेवावेत, तेव्हा कोठे एखादा पक्षी दिसतो.

याच डोंगरांत एकेकाळी एक दुर्मिळ पक्षी राहत असे. त्याचे नाव पहाडी लावा. चोच लाल, पाय लाल. तो तीव्र उतारावरच्या उंच गवतात लपून राही आणि फारसा उडत नसे. मसुरी आणि नैनिताल यांच्या आसपासच तो आढळला होता. १८७६ साली नैनितालजवळ त्याची शेवटची खात्रीशीर नोंद झाली. त्यानंतर तो कोणाच्याही हाती लागला नाही. सलीम अली त्याच्या शोधासाठी डोंगरांत हिंडले. पण त्यांना यश आले नाही. एकदा नाहीसा झालेला पक्षी कितीही चालले तरी परत मिळत नाही, हे त्या डोंगरांनी दाखवून दिले. मात्र कुमाऊँच्या तराईत त्यांना दुसरा एक हरवलेला पक्षी सापडला. तो म्हणजे फिनची सुगरण. शोध घेतलाच नसता, तर तोही मेलाच असे लोकांनी धरले असते.

१९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तहमीना बेगम अकस्मात वारल्या. सलीम अलींवर दुःखाचा डोंगर कोसळला. ते मुंबईला बहिणीच्या घरी राहू लागले. पण त्यांनी काम सोडले नाही. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकामुळे सामान्य माणसालाही पक्षी ओळखता येऊ लागले. १९४५ साली ते हिमालयापलीकडच्या कैलास-मानसरोवरापर्यंत पक्षी पाहण्यासाठी जाऊन आले. पुढे रिप्ले या अमेरिकन शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांची माहिती देणारा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला.

बंदूक घेऊन चिमण्या मारणारा मुलगा आता पक्ष्यांचा रक्षक झाला होता. भरतपूरच्या पाणथळीचे आणि केरळमधील सायलेंट व्हॅलीच्या अरण्याचे रक्षण व्हावे म्हणून त्यांनी आपले वजन खर्च केले. वन्यजीव रक्षणासाठी मिळालेल्या पन्नास हजार डॉलरच्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची रक्कमही त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामाला दिली. भारत सरकारने त्यांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हे किताब दिले. १९८५ साली राज्यसभेचे सदस्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दून खोऱ्यातील चुनखडीच्या अनेक खाणी बंद करण्याचा आदेश दिला. त्या खाणींमुळे डोंगर बोडके होत होते आणि झरे आटत होते. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत सलीम अलींचे निधन झाले.

भारताचा राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा सलीम अलींनी माळढोकाचे नाव सुचवले होते. माळढोक फक्त भारतीय उपखंडात आढळतो आणि त्याला संरक्षणाची फार गरज आहे, हे ते जाणून होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. मोर आजही गावोगावी दिसतो. माळढोकाचे मात्र दिवस फिरले. १९७९ साली नान्नज परिसरात त्याच्यासाठी अभयारण्य झाले. पण माळराने नांगराखाली गेली आणि विजेच्या तारांना धडकून पक्षी मेले. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे गेलेल्या पक्ष्यांची भरपाई लवकर होत नाही. आज जगात दोनशेसुद्धा माळढोक उरलेले नाहीत आणि नान्नजच्या माळावर तो दिसणे दुर्मिळ झाले आहे.

मुलांनो, पहाडी लावा गेला तेव्हा त्याची मोजदाद ठेवणारे फारसे कोणी नव्हते. माळढोकाबाबत आपल्याला तसे म्हणता येणार नाही. तो आपल्या जिल्ह्यातला पक्षी आहे आणि तो संकटात आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून माळावर गेलात तर गवत जाळू नका, गोंगाट करू नका. हळू चाला आणि नीट पाहा. सलीम अलींनी आयुष्यभर हेच केले.