सावित्रीबाई फुले व प्लेगचा दवाखाना

सावित्रीबाई फुले यांचे नाव घेताच मुलींची शाळा डोळ्यांपुढे उभी राहते. त्यांच्या आयुष्याची अखेर मात्र रुग्णसेवेत झाली. तो वृत्तान्त आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. पती जोतीराव यांनी त्यांस लिहावयास-वाचावयास शिकविले. अध्यापनाचे शिक्षण त्यांनी आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, अहमदनगरास, अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांजपाशी घेतले. १८४८ साली पुण्यास भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. पुढे १८७७ च्या दुष्काळात जुन्नर-ओतूरकडे राहून त्यांनी भुकेल्यांसाठी कष्ट घेतले. संकटात नुसती हळहळ पुरत नाही, व्यवस्था लागते, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला व थोड्याच महिन्यांत तो पुण्यास पोचला. तो पिसवांमुळे पसरतो, हा शोध १८९८ सालचा. तोवर सर्वत्र अंधारच होता. लोकांस रोगाइतकीच इस्पितळाचीही धास्ती वाटे. मुंबईस ऑक्टोबर १८९६ मध्ये जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्लाही केला. तात्पर्य, खाटा मांडल्याने काम संपत नाही; रुग्ण तेथवर विश्वासाने पोचला पाहिजे.

सावित्रीबाईंनी लष्करात वैद्यकी करणारे आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांस बोलावून घेतले व १८९७ च्या आरंभी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर, दाट वस्तीपासून दूर, मोकळ्या हवेत दवाखाना सुरू केला. पुत्राने औषधोपचार करावे व मातेने रुग्ण आणावे, असा क्रम होता. मुंढव्यास अस्पृश्य मानलेल्या वस्तीत गायकवाडांचा मुलगा प्लेगने पडल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या त्या माउलीने त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. या सेवेतच त्यांस रोगाची बाधा झाली व १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या.

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याने जखमीस आपल्या जनावरावर बसविले व उतारशाळेत नेले. जागा आणि नेणारा, दोन्ही हवीत, हेच त्या दृष्टान्तात आहे. आमचे कोल्हार प्रवरेच्या काठी वसले आहे. पूर वा साथ येण्यापूर्वीच आजाऱ्यांस कोठे ठेवावे व कोणी उचलून न्यावे, हे ठरलेले असावे. विद्यार्थ्यांनो, त्या उचलणाऱ्यांत तुमचे नाव असो, ही आमची प्रार्थना.