दुष्काळातून उगवलेले धैर्य : पंडिता रमाबाई

आज नाताळ. आमच्या जिंतूरच्या परिसरात नेमगिरीची जैन लेणी आहेत आणि चारठाण्याची प्राचीन देवळेही आहेत. दुसऱ्याच्या देवापुढे हात जोडताना आपला देव दुरावत नाही, हा संस्कार आम्हांस या मातीनेच दिला. म्हणूनच येशू ख्रिस्ताच्या जन्मदिनी, पुराणिकाच्या घरी जन्मलेल्या आणि ख्रिस्तचरणी विसावलेल्या एका मराठी विदुषीचे स्मरण आम्ही करीत आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे हे थोर व्युत्पन्न ब्राह्मण. स्त्रीने संस्कृत शिकू नये अशा त्या काळी त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंस शिकविले, आणि मातेने कन्येस. पुढे हे कुटुंब तीर्थाटन करीत, देवळांतून पुराण सांगत गावोगाव फिरू लागले. बालवयातच श्रीमद्भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले होते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते सारे संपले. मागण्याची सवय नाही आणि अंगमेहनतीचा सराव नाही, अशा त्या कुटुंबाची अन्नान्न दशा झाली. आधी पिता गेले, काही आठवड्यांतच माता गेली, मागाहून थोरली बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे अनवाणी उत्तरेकडे निघाली. झेलमच्या तीरी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. आमच्या वाचकांतील ज्या वडीलधाऱ्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले, त्यांना या यातनेचा अर्थ समजावून सांगावयास नको.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले. परंतु दैव शांत झाले नव्हते. १८८० साली बंधू श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ च्या प्रारंभी पटकीने पतीही हिरावून नेला. तेविसाव्या वर्षी पदरी तान्ही मनोरमा, आणि माथी वैधव्य!

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला व १८८३ साली विद्याध्ययनासाठी इंग्लंडला प्रयाण केले. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथील ख्रिस्ती भगिनी मायेने सेवा करीत आहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. या करुणेचा उगम शोधताना, विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी आदराने बोलणाऱ्या येशूची कथा त्यांच्या वाचनात आली आणि अंतःकरणात ठसली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्र हळहळला, रागावलाही. मात्र ही श्रद्धा आंधळी नव्हती. जे पटले नाही त्याविषयी त्या आपल्या ख्रिस्ती गुरुजनांशीही निर्भयपणे वाद घालीत.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास आणले. तेथील मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागताच १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक दूर झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची ती व्यथा खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. हिंदू रूढींवरील रमाबाईंची टीका आम्हां भाविकांस आजही बोचते. पण त्या टीकेमागे अनाथपणाचे आणि वैधव्याचे स्वतः भोगलेले दुःख होते, हेही विसरता येत नाही.

त्या दुःखाचे पुण्य कसे झाले, ते पुढे दिसले. १८९६-९७ च्या दुष्काळाची वार्ता येताच त्यांना आपले बालपण आठवले. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी भुकेने सुकलेल्या सुमारे तीनशे स्त्रिया व मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांना आसरा दिला. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या हजाराच्या वर गेली. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकली, हातमाग व छापखाना चालू लागला. अंध मुलींच्या शिक्षणाचीही सोय झाली.

अखेरची परीक्षा मात्र सर्वांत कठोर होती. कामाचा भार पुढे उचलील असे वाटत असलेली एकुलती एक मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी आईआधी गेली. रमाबाई तेव्हा थकल्या होत्या, ऐकूही कमी येत होते. तरीही हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचा सुबोध मराठी अनुवाद करण्याचे हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही. ते पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

वाचकहो, आमच्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाई लहानपणीच आईबापांस अंतरल्या. त्यांनी विठ्ठलालाच मायबाप मानले, आणि जात्यावरचे कष्टही हलके झाले. रमाबाईंस तोच आधार ख्रिस्ताठायी लाभला. वाटा निराळ्या, पण ज्याला कोणी नाही त्याला देव आहे, ही खूण दोघींनाही पटली होती. ज्या श्रद्धेने स्वतःचे अश्रू पुसले जातात तिनेच दुसऱ्याचेही पुसावेत, एवढे मागणे आजच्या पवित्र दिवशी आम्ही आपापल्या देवघरात मागू या.