बोलते करणारे गुरू : न्यायमूर्ती रानडे

अवसरी खुर्दच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी वक्तृत्वस्पर्धेत पाठ केलेले भाषण चार वाक्यांतच विसरले आणि मान खाली घालून उतरले. त्यानंतर ग्रंथालयात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र हाती आले. समाजसुधारक रानडे आपणा सर्वांना ठाऊक आहेत. मला त्यांत बोलायला शिकविणारा गुरू भेटला.

१८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला त्यांचा जन्म झाला. १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ते होते. १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून ते पुण्यास आले. सरकारी नोकरीमुळे राजकारणात उघडपणे पुढे होणे कठीण. म्हणून त्यांनी इतरांना तयार केले. १८७५ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली.

विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी, पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. हे मला आजही खटकते. पण त्याच रमाबाईंना त्यांनी स्वतः लिहावाचायला शिकविले. घरातील वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सोसून रमाबाई शिकल्या. त्यांचे पहिले जाहीर भाषण रानड्यांनी लिहून दिले. पुढे त्या स्वतःच्या शब्दांत बोलू लागल्या आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले.

दुसरे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले. १८८७ पासून रानड्यांनी त्यांना सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाच्या कामाला जुंपले. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे पडताळायचे, मगच लिहायचे, अशी ती तालीम होती. तिच्याच बळावर गोखल्यांनी १८९७ मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष दिली. १९०२ साली कायदेमंडळात अंदाजपत्रकावरील त्यांचे पहिलेच भाषण गाजले. ते ऐकायला गुरू मात्र नव्हते. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले होते.

यंदा स्पर्धेचा विषय शेतमालाच्या भावाचा होता. मी पाठांतर सोडले. वडिलांकडून कांद्याच्या जुन्या पट्ट्या मागून घेतल्या. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता हाती काय उरले, ते मांडले. बक्षीस मिळाले नाही. पण या वेळी मान खाली घालून उतरले नाही.