लोखंडी हरणावरचा मुसाफिर

सायकल म्हटली की आपल्याकडे कुणाचे डोळे विस्फारत नाहीत. सिन्नरच्या परिसरात दूधवाल्याने, पोस्टमनने आणि खेड्यावरून शिकायला येणाऱ्या मुलांनी ती वर्षानुवर्षे वापरली. नाशिकहून येताना मोहदरीच्या घाटात खाली उतरून ती हाताने ढकलीत वर आणणारी माणसेही जुन्या मंडळींना आठवत असतील. गरिबाचे वाहन, एवढीच तिची ओळख. याच वाहनावरून एक माणूस एकटा उत्तर ध्रुवसागराच्या गोठलेल्या किनाऱ्याने हजारो किलोमीटर गेला, हे प्रथम वाचले तेव्हा मला ती कादंबरीतली गोष्ट वाटली. पण तो माणूस खरा होता. त्याचे नाव ग्लेब त्राविन.

त्राविनचा जन्म १९०२ साली रशियाच्या पश्चिमेकडील प्स्कोव्ह प्रांतातल्या एका खेड्यात झाला. रानात निवारा कसा शोधावा, अन्न कसे मिळवावे, हे वडिलांनी त्याला लहानपणीच शिकविले. १९२३ साली युरोपभर फिरून आलेला एक डच सायकलस्वार प्स्कोव्हला आला. त्याला पाहून एकविसाव्या वर्षी त्राविनच्या मनाने घेतले की आपणही जायचे, आणि त्याच्याहून लांब व अवघड वाटेने जायचे. योगायोग असा की त्याच १९२३ साली आपल्या मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले होते. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा या तिघांनी १९२८ मध्ये तो पुरा केला. त्या काळाच्या हवेतच काही होते म्हणायचे!

पण त्राविन लगेच निघाला नाही, आणि मला त्याच्या चरित्रातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. त्याने पाच वर्षांहून अधिक काळ तयारी केली. ऊन, पाऊस, बर्फ न बघता तो सायकल चालवीत राहिला. सैन्यात असताना त्याने भूगोल, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, छायाचित्रण यांचा अभ्यास केला आणि कुलुपे-यंत्रे दुरुस्त करण्याचे कसबही हस्तगत केले. १९२७ मध्ये सैन्यातून मोकळा होताच तो अतिपूर्वेकडील कामचात्काला गेला. तेथे वीजकेंद्राच्या उभारणीत नोकरी करीत असताना त्याने एक अमेरिकन सायकल मिळविली. ऑक्टोबर १९२८ मध्ये तो बोटीने व्लादिव्होस्तोकला आला आणि तेथून त्याने पायडल मारले.

सामान अगदी बेताचे : थोडी बिस्किटे व चॉकलेट अडीअडचणीसाठी राखून ठेवलेले, कॅमेरा, हत्यारे आणि थंडीचे कपडे. रोजचे अन्न वाटेत मिळेल ते, नाहीतर शिकार आणि मासे. दिवसाचे त्याने तीन भाग पाडले होते. आठ तास प्रवास, आठ तास झोप, आणि उरलेले आठ तास अन्न, दुरुस्ती व टिपणे. जेवण दोनच वेळा, सकाळी सहाला आणि सायंकाळी सहाला. प्रवास संपेपर्यंत केस कापायचे नाहीत, असाही त्याचा नेम होता.

सैबेरिया, मध्य आशिया, कॉकेशस, मॉस्को, लेनिनग्राड अशी मजल मारीत नोव्हेंबर १९२९ मध्ये तो मुर्मान्स्कला पोहोचला. खरा प्रवास इथून पुढे होता. आपले सिन्नर विषुववृत्तापासून सुमारे २० अंशांवर, तर मुर्मान्स्क ६९ अंशांवर. डिसेंबर लागला की तेथे कित्येक आठवडे सूर्य क्षितिजावर येत नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ सालच्या आपल्या ग्रंथात ज्या ध्रुवप्रदेशीय रात्रीची चर्चा केली, त्या रात्रीत हा गृहस्थ सायकल घेऊन शिरला.

बर्फावर सायकल चालते कशी, असा प्रश्न कुणालाही पडेल. भुसभुशीत बर्फात ती चालत नाहीच, ढकलावी किंवा उचलावी लागते. पण वाऱ्याने दाबून कठीण झालेला बर्फ आणि गोठलेल्या समुद्राचा सपाट पृष्ठभाग ही चाकाला बरी वाट असते. धोका असतो तो बर्फ दुभंगण्याचा.

तो धोका १९३० मध्ये पेचोरा समुद्रावर त्याच्यापुढे उभा राहिला. रात्री तो बर्फातच झोपला होता. जवळच भेग पडून पाणी वर आले आणि त्याच्या भोवती गोठले. त्याच्या आठवणींनुसार, सुरीने बर्फ फोडफोडून त्याने स्वतःला मोकळे केले आणि कसाबसा नेनेत्स लोकांच्या तंबूपर्यंत मजल मारली. पायाची बोटे थंडीने मेली होती. विष अंगात भिनू नये म्हणून ती त्याने आपल्या हाताने कापली. बरा झाल्यावर तो परत फिरला नाही, पुढे निघाला.

रेनडियर पाळणाऱ्या त्या लोकांनी सायकल कधी पाहिली नव्हती. पुढे त्राविनवर जे पुस्तक निघाले त्याच्या नावातच सायकल लोखंडी हरीण झाली आहे. एकट्याचा प्रवास म्हणून आपण त्याचे कौतुक करतो, पण तो तंबू नसता तर प्रवास तिथेच संपला असता. थंडीत कसे निजावे, काय खावे, हे ज्ञान त्या भूमीतल्या माणसांजवळ पिढ्यांचे होते. त्याचा मोठेपणा असा की त्यांच्याकडून घ्यायला त्याला कमीपणा वाटला नाही.

जुलै १९३१ मध्ये तो रशियाच्या ईशान्य टोकावरील उएलेनला पोहोचला. समोर अमेरिका होती. तेथे जाण्याची परवानगी मात्र मिळाली नाही. ऑक्टोबर १९३१ मध्ये तो कामचात्काला परतला. एकूण प्रवास सुमारे ८५,००० किलोमीटरांचा सांगितला जातो, म्हणजे विषुववृत्तावरील पृथ्वीच्या परिघाच्या दुपटीहून अधिक. एकट्याच्या प्रवासाला साक्षीदार नसतो, म्हणून शंका घेणारेही निघाले. पण ठिकठिकाणचे शिक्के घेतलेली त्याची नोंदवही आहे, आणि ती सायकल प्स्कोव्हच्या संग्रहालयात पोहोचली आहे. मोठे मानसन्मान वाट्याला न येता तो कामचात्कात खेळाडू घडवीत राहिला, उतारवयात प्स्कोव्हला परतला आणि १९७९ मध्ये वारला.

साहस म्हणजे एका क्षणी डोळे मिटून मारलेली उडी, अशी आपली समजूत असते. त्राविनचे चरित्र वाचल्यावर मला ती पटेनाशी झाली. त्याचे साहस पाच वर्षांच्या अभ्यासात आणि रोजच्या सहाच्या जेवणात होते. उडी घेण्याची धमक सर्वांपाशी नसेल. पण वेळापत्रक पाळणे, हाताला एखादे कसब लावून घेणे, परक्याच्या दाराशी नम्र होणे, हे काही आवाक्याबाहेरचे नाही. साधने अपुरी आहेत अशी तक्रार आपण विद्यार्थी नेहमी करतो. ती बहुधा खरीही असते. त्राविनजवळ मात्र आपल्या सायकल-स्टँडवर उभ्या असलेल्या वाहनापेक्षा फारसे वेगळे काही नव्हते.