हान्स सेल्ये: 'स्ट्रेस' हा शब्द आपल्या तोंडी बसवणारा डॉक्टर, ज्याचा म्हातारपणाचा हिशेब मात्र अर्धाच बरोबर निघाला

"लय स्ट्रेस आलाय राव" हे वाक्य आज शाळकरी पोरापासून रिटायर झालेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. हा शब्द शरीराच्या संदर्भात वापरात आणला तो हान्स सेल्ये यांनी.

सेल्येंचा जन्म १९०७ चा, व्हिएन्नाचा. वडील लष्करात सर्जन होते. प्रागमध्ये डॉक्टरकी शिकताना त्यांना एक गोष्ट खटकली. आजार वेगवेगळे असले तरी पेशंट दिसायला सारखेच असायचे. भूक नाही, वजन घटलेलं, अंगात त्राण नाही. प्रत्येक आजाराची वेगळी लक्षणं शिकवली जायची, पण या सारखेपणाकडे कुणी बघत नव्हतं.

पुढे ते कॅनडात, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात आले. तिथे ते एक नवं हार्मोन शोधत होते. झालं असं की, उंदरांना कुठलाही अर्क टोचला तरी परिणाम तोच यायचा. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजायच्या, रोगांशी लढणाऱ्या पेशी तयार करणारी थायमस ग्रंथी आक्रसायची आणि पोटात अल्सर व्हायचे. फॉर्मालिन टोचलं, थंडीत ठेवलं, तरी तेच!

म्हणजे नवं हार्मोन वगैरे काही नव्हतं. कुठलंही संकट आलं की शरीर एकाच पद्धतीने उत्तर देतं, हा खरा शोध होता. १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचं छोटंसं टिपण छापून आलं. तेव्हा सेल्ये होते फक्त २९ वर्षांचे.

त्यांनी या उत्तराचे तीन टप्पे सांगितले. आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं आणि शेवटी थकून जाणं. इथेच म्हातारपणाचा मुद्दा येतो. प्रत्येक माणूस जुळवून घेण्याची ठरावीक शक्ती घेऊन जन्माला येतो, ती बँकेतल्या ठेवीसारखी खर्च होते आणि हा खर्च म्हणजेच म्हातारपण, असं सेल्येंचं मत होतं.

मग यातलं खरं किती?

ताणाचा रोगप्रतिकारशक्तीशी संबंध आहे, हे खरं ठरलं. अ‍ॅड्रिनलमधून येणारं कॉर्टिसोल प्रतिकारशक्तीला लगाम घालतं. थोडा वेळ हा लगाम गरजेचा असतो, पण कायमचा राहिला तर नुकसान होतं.

ठेवीची गोष्ट मात्र टिकली नाही. अशी शक्ती कुणालाच मोजता आली नाही. वय वाढलं म्हणून अ‍ॅड्रिनल रिकाम्या होत नाहीत, त्यांचा तोल बदलतो. कॉर्टिसोल साधारणपणे सकाळी चढतं आणि रात्री उतरतं. उतारवयात ते रात्री पुरेसं उतरत नाही. त्याच ग्रंथींचं डीएचईए हे हार्मोन मात्र सत्तरी-ऐंशीत तरुणपणाच्या १० ते २० टक्क्यांवर येतं. थायमस तर तरुणपणापासूनच आक्रसत जाते. म्हणून म्हाताऱ्या माणसांना इन्फेक्शन लवकर गाठतं आणि लसीचा परिणामही तुलनेने कमी होतो.

आज 'अ‍ॅड्रिनल फटीग'च्या नावाखाली गोळ्या-पावडरी विकल्या जातात, पण हार्मोनतज्ज्ञ असा आजार मानत नाहीत. ग्रंथी खरंच निकामी होण्याचा आजार वेगळा. त्याला अ‍ॅडिसन म्हणतात. तो दुर्मिळ आहे आणि रक्ततपासणीत कळतो.

सेल्येंची दुसरी बाजू

सेल्येंनी दीड हजाराहून जास्त शोधनिबंध लिहिले. नोबेलसाठी अनेकदा नाव गेलं, पण ते मिळालं नाही. त्यांच्यावर एक डागही आहे. त्यांनी तंबाखू कंपन्यांकडून पैसे घेतले होते. १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीसमोर त्यांनी सिगारेटच्या बाजूने साक्षही दिली. ताणामुळे होणाऱ्या नुकसानीवर आयुष्य घालवलेला माणूस ताणावरचा उतारा म्हणून धूम्रपानाची पाठराखण करत होता. या पैशांचा पूर्ण हिशेब कंपन्यांची कागदपत्रं उघड झाल्यावर बाहेर आला, तोवर सेल्ये हयात नव्हते.

१९८२ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. सगळा ताण वाईट नसतो, हेही त्यांनीच सांगून ठेवलं होतं. आवडीच्या कामाचा ताण माणसाला उभं ठेवतो, असं ते मानायचे, आणि स्वतः निवृत्तीनंतरही कामच करत राहिले.