ताट पुसून घेणारा माणूस

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या घरी दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जात, भाजी मिठाच्या पाण्यात पडून राही आणि वर्तमानपत्र तासभर उन्हं खाई. मी सौभाग्यवतींना हसायचो. उभी हयात बँकेत काढलेला माणूस मी! टेबलावरच्या डबीतला स्पंज कोरडा पडला की अंगठा जिभेला लावून नोटा मोजणारे कॅशियर रोज पाहिलेले. तरी जगलोच की आम्ही! त्याच दिवसांत लुई पाश्चर यांचं चरित्र पुन्हा हाती आलं आणि माझं हसणं थांबलं.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधल्या दोल गावचा. वडील कातडी कमावणारे. मुलगा रसायनशास्त्रज्ञ झाला. डॉक्टर मात्र तो कधीच नव्हता. १८५६ साली लील शहरातल्या एका कारखानदाराचं बिटापासून केलेलं मद्य नासू लागलं, म्हणून तो या प्राध्यापकाकडे आला. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि आंबणं, नासणं ही डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची करणी आहे, हे पुढच्या काही वर्षांत सिद्ध केलं. द्राक्षाचं मद्य ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की टिकतं, हेही दाखवलं. दुधासाठी ही रीत इतरांनी रुजवली. पण पिशवीवर आजही नाव त्यांचंच असतं.

प्रयोगशाळेत यश येत होतं आणि घरात मात्र मृत्यू शिरला होता. १८५९ साली नऊ वर्षांची झान विषमज्वराने गेली. १८६५ मध्ये दोन वर्षांची कामीय गेली. पुढच्याच वर्षी बारा वर्षांची सेसिल, पुन्हा विषमज्वरानेच. हा ताप दूषित अन्नपाण्यातून येतो, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण त्याचा जंतू माणसाला प्रथम दिसला तो १८८० साली. या बापाला तो वेळेवर दिसला नाही.

१८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. तरी काम थांबलं नाही. १८७८ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीत उभं राहून त्यांनी शस्त्रवैद्यांना हात आणि हत्यारं स्वच्छ करण्याचा, पट्ट्या आधी तापवून घेण्याचा आग्रह धरला. डॉक्टर नसलेल्या माणसाने डॉक्टरांना हात धुवायला सांगणं सोपं नव्हतं.

त्यांच्या आप्तांनी जेवणाच्या टेबलावरची एक आठवण लिहून ठेवली आहे. पाश्चर जेवायला बसले की पेला आणि ताट निरखून पुसून घेत. पाव कुस्करून त्यात काही निघतं का ते पाहत. पाहुण्यांना गंमत वाटे. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. मला त्या टेबलाशी तीन रिकाम्या खुर्च्या दिसतात.

१८८५ च्या जुलैत पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्यांनी लस टोचवली. पोरगा जगला. त्या रोगाचा विषाणू सूक्ष्मदर्शकातही दिसत नव्हता. न दिसणाऱ्या शत्रूशीच ही झुंज होती. १८८८ मध्ये पॅरिसला त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी ते गेले. त्याच संस्थेत काम केलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

दुधाच्या पिशवीवरून करोना फारसा पसरत नव्हता, हे पुढे कळलं. पिशव्या धुणं थांबलं. पण बाहेरून आल्यावर मी आधी न्हाणीघरात जाऊन साबणाने हात धुतो, मगच नातीला उचलून घेतो. सौभाग्यवती आता मला हसतात. मी हसू देतो.